बाईला दोन ठोके

मोंतेरूबल अजून चाळीस किलोमीटर लांब होतं आणि माझ्या भावाला तिसऱ्यांदा भूक लागली होती.

"ताई, पुढच्या गावात रोमन लोकांचा पूल आहे," फेर्मीन म्हणाला. "आणि पुलाला लागून खानावळ आहे. कोकरू झकास भाजतात म्हणे."

"आधी आरसा बघ. मागे ट्रक आहे."

"बघितला की."

"कुठे बघितलास? मान हलली नाही तुझी."

तीस वर्षं मी सारागोसात लोकांना गाडी चालवायला शिकवलं. निवृत्त झाले तरी शेजारच्या सीटवर बसलं की उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. फेर्मीन माझ्याकडेच गाडी शिकला, आणि सत्तावन्न वर्षांचा झाला तरी वळणावर गिअर चुकवतोच. आम्ही निघालो होतो आईच्या कामाला, आणि या पठ्ठ्याने त्याची सहल केली होती. सकाळपासून एक किल्ला, एक मठ आणि दोन न्याहाऱ्या झाल्या होत्या. एरवी मी त्याला गाडीतून उतरवून चालत पाठवला असता. त्या दिवशी तोंड नुसतं सवयीने चालत होतं. आत काहीच नव्हतं.

आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. दफनभूमीच्या भिंतीत बाबांच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलं तिला, तोंडाशी दगड लावला, कागदपत्रं केली, तिची औषधं परत दिली, पलंग विकला. सगळं मीच केलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं जे होतं ना, चावलं तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. अंत्यदर्शनाच्या हॉलमध्ये साठएक माणसं येऊन गेली. प्रत्येकाने माझा हात धरून आमच्याकडे म्हणायचं असतं तेच म्हटलं, "तुझ्या दुःखात मी सोबत आहे." मी म्हणत होते, आभारी आहे. मनात म्हणत होते, कुठलं दुःख? मला तरी दाखवा, म्हणजे मीही येते तुमच्यासोबत.

आईने जन्मात आमच्याकडे काही मागितलं नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र एका सकाळी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी गेले की मोंतेरूबलला जा आणि माझी घंटा वाजवून या. घंटेवाल्यांची सिप्रियाना जिवंत असली तर तिच्याकडून. नसली तर कोणाहीकडून. पण वाजवल्याशिवाय परत येऊ नका."

आम्ही दोघंही हो म्हणालो. मोंतेरूबल तिचं माहेर. विसाव्या वर्षी ती तिथून निघाली ती बाबांचा हात धरून. बाबा त्या भागात विजेचे खांब उभे करायला गेले होते. तिने पुन्हा गावात पाय ठेवला नाही आणि आम्हालाही कधी नेलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "बापाशी वाजलं माझं," आणि पातेलं घासायला घ्यायची.

एक गोष्ट मात्र आम्हाला लहानपणापासून माहीत होती. आमच्या पेठेतल्या देवळात मयताची घंटा झाली की आई हातातला डाव तसाच वर धरून उभी राहायची. "बोलू नका!" ठोके मोजायची. पुरुषाला तीन, बाईला दोन. दोन झाले की म्हणायची, "बाई गेली," आणि क्रूसाची खूण करून डाव पुन्हा आमटीत घालायची. आख्ख्या सारागोसात ते ठोके मोजणारी ती एकटीच असेल. मला शाळेतल्या मैत्रिणींसमोर लाज वाटायची.

मोंतेरूबलला पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. फेर्मीनने गाडी वेशीबाहेर लावली, म्हणजे मी तीनदा पुढेमागे करायला लावल्यावर लागली. वेशीवरची पाटी तो मोठ्याने वाचायला लागला, कुठल्या राजाने कुठल्या साली काय बांधलं ते. मी पुढे निघाले. चढाची गल्ली, दगडी घरं, चौकात देऊळ, देवळासमोर उन्हात बाक, बाकावर तीन म्हाताऱ्या.

"सिप्रियाना कुठे राहतात हो?" मी विचारलं.

मधल्या म्हातारीने आधी माझे बूट बघितले, मग तोंड. "तू कुणाची गं?"

"बेनिल्देची मुलगी. बेनिल्दे आर्नाल."

"आर्नाल तर इथे निम्मं गाव आहे. घर कुठलं तुमचं? काय म्हणायचे तुमच्या घराला?"

आता हे मला काय माहीत? आडनाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. तिघींच्या चेहऱ्यावर काही नाही. मला चीड आली. "मावशी, मला फक्त घर विचारायचंय, जनगणना नाही करायची," असं मी बोलून गेले.

त्याबरोबर टोकाची म्हातारी काठी आपटून हसली. "अगं बाई! ही बहिऱ्यांची! हनुवटी बघ ना. आणि जीभ!"

आमच्या घराला बहिऱ्यांचं घर म्हणायचे हे मला साठाव्या वर्षी एका बाकावर कळलं. कोणीतरी पणजोबा ठार बहिरे होते, नाव सगळ्यांना चिकटलं. पण हसणं लगेच थांबलं. तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "बहिऱ्यांची बेनिल्दे," मधली हळूच म्हणाली. काठीवालीने काठीनेच निळं दार दाखवलं.

दार उघडंच होतं. आत खिडकीपाशी एक किडकिडीत बाई मांडीवर परडी घेऊन शेंगा सोलत बसली होती. ऐंशीला टेकलेली. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, उजवा खांदा खाली उतरलेला.

"सिप्रियाना मावशी?" फेर्मीन धापा टाकत मागून आला. "आम्ही बेनिल्देची मुलं."

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली, "बसा."

आम्ही बसलो. आईने काय सांगितलं होतं ते मी सांगितलं, दोन वाक्यांत. पत्ता विचारल्यासारखं.

"नाही जमायचं," सिप्रियाना म्हणाली. "तिची घंटा वाजून झाली. बासष्ट साली. इथे एका माणसाला एकदाच वाजते."

"म्हणजे? बासष्ट साली ती जिवंत होती!" मी उठलेच. "चौसष्टला मी झाले. मला काय मेलेल्या बाईने जन्म दिला?"

"ताई, बस जरा," फेर्मीन म्हणाला.

"तू गप्प बस. पाच तास गाडीत उंडारत आलो ते हे ऐकायला?"

"बस गं बहिऱ्यांच्या पोरी," सिप्रियाना म्हणाली, रागाने नाही. "ऐकून घ्यायची सवय नाहीच तुमच्या घराला. सांगते."

तिने परडी खाली ठेवली.

"माझे वडील देवळात घंटेवर होते. मी सतरा वर्षांची. त्या दिवशी ते तापाने पडलेले. पहाट झाली होती, आणि तुझा आजोबा दारात आला. काळा कोट घालून. म्हणाला, वाजव. बाईची वाजव. मी विचारलं, कोण गेलं? म्हणाला, माझ्या घरातली. मला वाटलं त्याची बायको गेली, तुमची आजी. आजारीच असायची ती. मी धावत वर गेले आणि दोर ओढला. दोन ठोके, थांबायचं, पुन्हा दोन. सगळं नीट केलं. बापाशिवाय पहिल्यांदाच वाजवत होते ना, चूक व्हायला नको होती."

ती थांबली. फेर्मीनने पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"गाव काळे कपडे घालून बहिऱ्यांच्या घरी गेलं. तर तुमची आजी दारात उभी, हातात दुधाचं भांडं. लोक बघतायत तिच्याकडे, ती लोकांकडे. तेव्हा आजोबा बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मला एक मुलगी होती, आज वारली. त्याच पहाटेच्या बसने बेनिल्दे गेली होती. त्याला माहीत होतं बस कधी सुटते. मुद्दाम तेव्हाच वाजवायला लावली त्याने. माझ्याकडून."

"मूर्ख म्हातारा," मी म्हटलं.

"तिचा पत्ता फक्त माझ्याकडे होता. मी पत्र लिहिलं, रडत, माफी मागत. तिचं उत्तर आलं. एवढंसं. लिहिलं होतं, सिप्री, घाट उतरताना बसमध्ये ऐकू आली. दोन ठोके मोजले आम्ही. कोण बिचारी गेली, म्हणून सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. मीही केली. तुझ्यावर राग नाही. पण मेलेल्या बाईला गावात परत यायची लाज वाटते गं."

डाव वर धरून उभी राहिलेली आई मला दिसली. म्हणजे मोजायची ती त्यासाठी. मला वाटलं, आता काहीतरी होईल, आता घशात काहीतरी येईल. नाही आलं. मी खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं मांजर बघत राहिले आणि मनात म्हटलं, ओबदुलिया, तू बाई आहेस की दगड?

फेर्मीन मात्र मुसमुसत होता. त्याचं बरं आहे, त्याला रोमन पुलावरही रडू येतं.

"मग ती खोटी होती ना मावशी?" तो म्हणाला. "आता खरी वाजवा. आई त्याचसाठी म्हणाली. हे बघा, दाखला आहे माझ्याकडे, फोनमध्ये आहे, डॉक्टरच्या सहीचा..."

"कागद नको मला." सिप्रियानाने त्याचा फोन हाताने बाजूला सारला. "त्या दिवसापासून मी एक नियम केलाय. बासष्ट वर्षं पाळलाय. ज्याने जीव जाताना डोळ्यांनी पाहिलं त्याने माझ्यासमोर बसून सांगायचं. काय पाहिलं ते. मग दोर. पाद्रीबुवांच्या बहिणीलाही सोडलं नाही मी. लोक हसतात, म्हणतात सिप्रियाना पोलिसासारखी चौकशी करते. करते! पुन्हा एकदा कोणाच्या शब्दावर जिवंत बाई मारायची नाही मला." तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "कोणी पाहिलं?"

फेर्मीनने माझ्याकडे बघितलं. तो त्या दिवशी कामावर होता.

"मी," मी म्हटलं.

"सांग."

"गुरुवारी गेली. अकरा तारखेला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

"वेळ नाही विचारली. पाहिलंस ते सांग."

मला तिचा भयंकर राग आला. ही कोण लागून गेली? मी जे माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही ते हिला का सांगायचं? उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर घंटा राहिली असती, आणि आईने आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं.

"नखं कापत होते तिची," मी म्हटलं. "वाढली होती. डाव्या हाताची झाली. उजवा हात घेतला. अंगठा झाला, दोन बोटं झाली. तिचा हात थरथरत होता. नेहमीच थरथरायचा. मी ओरडले. म्हटलं, आई, हलवू नकोस ना गं हात, किती वेळा सांगायचं! मी शिकणाऱ्या पोरांवर ओरडते ना, तशी."

"मग?"

"मग नाही हलवला."

फेर्मीनने फोन खिशात ठेवला.

"मला वाटलं ऐकलं तिने माझं. म्हटलं, अशी शहाणी. दोन बोटं राहिली होती, ती कापली. नीट कापली, कानस फिरवली. मग वर बघितलं. डोळे अर्धे उघडे होते. मला कळलं होतं, बघायच्या आधीच कळलं होतं, करंगळीलाच. तरी मी कानस फिरवत राहिले. अर्धवट कसं सोडायचं? मग नखं गोळा केली, कात्री ठेवली, हात धुतले आणि फेर्मीनला फोन केला."

"ताई," फेर्मीन म्हणाला. "मला म्हणालीस झोपेत गेली."

"झोपेत नाही गेली. मी तिच्यावर ओरडत असताना गेली." माझा आवाज अगदी सरळ होता. मला स्वतःलाच त्याची किळस आली.

सिप्रियाना उठली. खुंटीवरची मोठी किल्ली काढली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या शेंगांचा वास लागलेल्या हाताने माझा उजवा हात धरला, उलटासुलटा केला, बघितला.

"बेनिल्दे गेली," ती म्हणाली. "आता माझा विश्वास बसला. चला."

घंटेला आता विजेचं यंत्र बसवलंय, पण त्याला फक्त तास आणि प्रार्थना कळते. मयताची अजून हातानेच. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना सिप्रियाना चारदा थांबली. वर दोर लोंबत होता, धरून धरून काळा झालेला.

"माझा खांदा गेलाय," ती म्हणाली. "ओढ तू."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं. दोन ठोके. मग एकदा देवाचं नाव घेण्याइतकं थांब. मग पुन्हा दोन. असं सातदा. मी मोजते."

मी ओढला. काहीच झालं नाही. दोर नुसता हातात आला.

"घाई करतेस. तिला वर जाऊ दे, मग सोड. हं, आता. सोड. सोड म्हणते ना! किती वेळा सांगायचं!"

एक ठोका पडला. माझे दात हलले. दुसरा पडला. मग थांबायची वेळ आली. ती शांतता आईची होती, डाव वर धरून उभं राहायची. मी पुन्हा ओढला. खालच्या चौकात कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज झाला, मग दुसरं. फेर्मीन कोपऱ्यात कबुतरांच्या घाणीत उभा होता आणि बोटांवर मोजत होता, लहानपणी मोजायचा तसा. चौदा ठोके पुरे झाले तेव्हा माझ्या तळहाताची साल निघाली होती. ते मला खाली उतरल्यावर कळलं.

खाली चौकात वीसएक माणसं जमली होती. स्वयंपाक सोडून आलेल्या बायका, खानावळीतून रुमाल गळ्यात तसाच ठेवून आलेले दोघं, बाकावरच्या त्या तिघी. शहरात घंटा झाली तर कोणी मान वर करत नाही. इथे सगळे मान वर करून उभे होते.

"कोण गेलं?" एकाने सिप्रियानाला विचारलं. टोपी घातलेला, सत्तरीचा, बेकरीचं पीठ हाताला लागलेला माणूस.

"हिला विचार," सिप्रियाना म्हणाली. "हिने पाहिलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बहिऱ्यांची बेनिल्दे," मी म्हटलं. ते घराचं नाव पहिल्यांदाच माझ्या तोंडातून निघालं.

टोपीवाला गोंधळला. "बेनिल्दे? अहो, ती तर कधीच गेली! बासष्ट साली. मी नऊ वर्षांचा होतो, आई मला घेऊन गेली होती त्यांच्या दारात. मला चांगलं आठवतंय..."

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "तेव्हा नाही गेली ती. तेव्हा ती बसमध्ये बसली होती. मग सारागोसात राहिली. बाबांशी लग्न केलं. शिवणकाम करायची. आम्हाला दोघांना वाढवलं. आमटीत मीठ जास्त टाकायची. या महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत होती. तिची नखं..."

इथे माझं वाक्य अडलं. मला पुढचं सांगायचं होतं, सरळ आवाजात, मघाशी सांगितलं तसं. पण तोंड उघडं राहिलं आणि आवाज निघेना.

टोपीवाल्याने टोपी काढली. ती काखेत धरली, पिठाचा हात पँटला पुसला आणि माझा साल निघालेला हात दोन्ही हातांत घेतला. चुरचुरलं. चांगलंच चुरचुरलं.

"बाई," तो म्हणाला, "तुझ्या दुःखात मी सोबत आहे."

नऊ दिवसांत साठ माणसांनी हेच म्हटलं होतं. या खेपेला ते दुःख आलं होतं, आणि एवढं मोठं आलं होतं की मी तिथेच देवळाच्या पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले. तो माणूस माझा हात न सोडता शेजारी बसून राहिला.